एका पथ्याचा इतिहास : मूत्रपिंडाचा आजार आणि झिजणारे स्नायू



उजनीच्या काठावर टक्केवारी कुणाला समजावून सांगावी लागत नाही. शाळेतलं पोरसुद्धा सांगतं की धरण आज किती टक्के आहे, आणि उन्हाळा लागला की तेच पोर सांगतं, ‘धरण मायनसमध्ये गेलं.’ बाहेरगावच्या माणसाला याचं हसू येतं. शून्याच्या खाली पाणी कसं असेल? पण आपल्याला ठाऊक आहे. एकूण साठा सुमारे 117 टीएमसी, त्यातला वापरायचा म्हणून धरलेला सुमारे 53.5 टीएमसी. उरलेला मृत साठा. वापरायचा साठा संपला आणि तरीही उपसा चालू राहिला की आकडा उणे होतो. 2024 च्या उन्हाळ्यात तो उणे 60 टक्क्यांच्या जवळ गेला होता. पळसदेवचं जुनं देऊळ तेव्हा पुरतं उघडं पडलं होतं.

आजचा विषय माणसाच्या शरीरातल्या अशाच एका साठ्याचा आहे. किडनीचा जुनाट आजार झालेल्या माणसाचे स्नायू झिजतात. हातपाय काटकुळे होतात, मांडी उतरते, जमिनीवरून उठता येत नाही. आपण म्हणतो, ‘आजारानं खंगला.’ म्हणजे आजार आहे तर खंगणारच, असं धरून चालतो. आम्ही वैद्य नाही. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यातही न्यायशास्त्र. तरीही हा विषय घेतला, कारण या झिजेच्या इतिहासात अनुमानाची एक मोठी चूक दडलेली आहे, आणि ती चूक आमच्या घरात आमच्याच हातून झाली.

आमचे थोरले बंधू, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, करमाळा तालुक्याच्या बाजूला काठावर राहत. जुनं गाव पाण्याखाली गेल्यावर वरच्या माळावर त्यांनी नव्यानं घर बांधलं, पुढे पाणी उचलून ऊस केला. साठीनंतर मधुमेह, त्यातून किडनी. क्रिएटिनिन 3.1 निघालं. डॉक्टरांनी मीठ आणि प्रथिनं जपून खायला सांगितलं. घरात शिकलेले आम्ही. त्यामुळे ‘जपून’ या शब्दाचा अर्थ आम्ही लावला. पुण्याहून फोनवर वहिनींना यादी सांगितली: डाळ बंद, अंडी बंद, धरणातली चिलापी नि मरळ बंद, शेंगदाण्याची चटणी बंद. भाकरीसुद्धा मोजून. उरला भात आणि दुधी. वर ‘दादांना कष्ट करू देऊ नका, बांधावर जाऊ देऊ नका’ हेही आमचंच.

आठ-दहा महिन्यांनी क्रिएटिनिन 2.4 आलं. आम्ही पेढे वाटले नाहीत एवढंच. वजनही फारसं हललेलं नव्हतं. आम्हाला वाटलं, पथ्याला यश आलं. त्याच दिवाळीत गावी गेलो. दादा ओसरीत बसले होते. ‘ये’ म्हणाले आणि उठायला लागले. दोन्ही हात जमिनीला टेकले, गुडघा वळवला, पुन्हा खाली बसले. मग हसून म्हणाले, ‘आरं, जरा हात दे बघू.’ आम्ही हात दिला. दंड हातात आला तेव्हा कळलं की आत काही नाही.

हे असं का झालं, ते समजून घ्यायला आपण थोडं मागे जाऊ.

मांस झिजणं ही नवी ओळख नव्हे. चरकसंहितेत अठरा प्रकारचे क्षय सांगितले आहेत, त्यांत मांसक्षय आहे. त्याची खूण म्हणून नितंब, मान आणि पोट सुकणं सांगितलं आहे. मुद्दा बघा, चेहरा किंवा वजन न बघता ते नितंबाकडे बघतात, म्हणजे जिथे मोठे स्नायू आहेत तिथे. ग्रीकांकडे हिप्पोक्रेटसच्या नावावरच्या सूत्रांत, लघवीवर बुडबुडे राहिले तर आजार किडनीचा आणि लांबणारा, असं निरीक्षण आहे. दोन्ही खुणा अचूक. पण किडनीची खूण एका पोथीत राहिली आणि मांसाची दुसऱ्या. दोघींची गाठ पडायला विसावं शतक उलटावं लागलं.

आधुनिक गोष्ट 1827 पासून सुरू होते. लंडनच्या गाय हॉस्पिटलात रिचर्ड ब्राइट नावाचे डॉक्टर होते. अंगावर सूज असलेल्या रुग्णांची लघवी चमच्यात घेऊन ते मेणबत्तीवर तापवत. काहींची लघवी अंड्याच्या पांढऱ्यासारखी गोठे. असे रुग्ण वारले की शवविच्छेदनात किडन्या खराब निघत. सूज, लघवीतून जाणारं प्रथिन आणि बिघडलेली किडनी यांची साखळी ब्राइटनी जोडली. पुढे शंभर वर्षं या आजाराला त्यांचंच नाव होतं.

यातल्या सुजेकडे लक्ष द्या. आपल्या धरणाला जुने लोक म्हणतात, पट्टीवर पाणी तेवढंच दिसतं, पण खाली गाळ किती ते बघा. किडनीच्या रुग्णाचं उलट-सुलट असंच असतं. मांस जातं, त्या जागी पाणी साठतं, आणि काटा वजन तेवढंच दाखवतो. दादांचं वजन ‘हललं नव्हतं’, ते याच कारणानं.

आता दुसरा धागा. 1832 मध्ये शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं मांसाच्या रसातून एक पदार्थ वेगळा केला. मांसासाठीच्या ग्रीक शब्दावरून त्याला क्रिएटिन म्हटलं. 1847 मध्ये जर्मनीच्या लीबिग यांनी त्याच घराण्यातल्या दुसऱ्या पदार्थाला क्रिएटिनिन हे नाव दिलं. लीबिग यांचं एक निरीक्षण गमतीचं आहे: शिकारीत पळून पळून मेलेल्या रानकोल्ह्याच्या मांसात, पिंजऱ्यात पाळलेल्या कोल्ह्याच्या दहापट क्रिएटिन सापडलं. म्हणजे ज्या पदार्थाला आज आपण ‘किडनीचा रिपोर्ट’ म्हणतो, तो जन्मानं स्नायूंचा आहे. स्नायूंत क्रिएटिन असतं, त्यातलं रोज दोनेक टक्के आपोआप क्रिएटिनिन होतं, रक्तात उतरतं आणि किडनी ते बाहेर टाकते.

1886 मध्ये मॅक्स याफे यांनी दाखवलं की पिक्रिक आम्लाशी क्रिएटिनिनचा तांबूस-नारिंगी रंग येतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ओटो फोलिन यांनी त्यावरून मोजमापाची सोपी रीत बसवली. 1926 मध्ये कोपनहेगनच्या रेबर्ग यांनी किडनीतून होणारी गाळण मोजायला क्रिएटिनिन वापरलं. झालं, स्नायूंच्या पदार्थाला किडनीची नोकरी लागली. चाचणी स्वस्त, कुठल्याही प्रयोगशाळेत होणारी. रक्तात क्रिएटिनिन वाढलं म्हणजे किडनी बाहेर टाकू शकत नाही, हे अनुमान ठीकच आहे. पण क्रिएटिनिन उतरलं म्हणजे किडनी सुधारली, हे?

इथे आम्हाला आमचं जुनं न्यायशास्त्र आठवतं. डोंगरावर धूर आहे, म्हणून तिथे आग आहे, हे अनुमान आपण सगळे करतो. त्याचं उलट मात्र करता येत नाही. ‘आग आहे, म्हणून धूर असेलच’ असं नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग असते, धूर नसतो. आगीला धूर केव्हा येतो? सरपण ओलं असेल तेव्हा. या ओल्या सरपणाला नैयायिक ‘उपाधी’ म्हणतात, म्हणजे न बोलता आत शिरलेली अट.

आता हेच किडनीला लावा. आग म्हणजे किडनीचा आजार, धूर म्हणजे क्रिएटिनिन, आणि ओलं सरपण म्हणजे स्नायू. दादांच्या रिपोर्टात धूर कमी झाला होता. आम्ही म्हणालो, आग विझत आली. प्रत्यक्षात सरपण संपत आलं होतं. तीस वर्षं वर्गात ‘उपाधी’ शिकवणाऱ्या माणसाला घरातली उपाधी दिसली नाही.

ही चूक फक्त आमची नव्हती, म्हणून तर तिचा इतिहास होतो. 1976 मध्ये कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांनी क्रिएटिनिनवरून किडनीची क्षमता काढायचं सूत्र दिलं. ते बेतलं होतं कॅनडातल्या 249 रुग्णांवर, जवळजवळ सगळे पुरुष. सूत्रात वय आणि वजन घातलं होतं, कारण स्नायू किती आहेत याचा अंदाज करायचा होता. पण अंदाजच तो. पुढच्या अमेरिकी सूत्रांत कृष्णवर्णीयांसाठी वेगळा गुणक ठेवला, त्यांचे स्नायू जास्त असतात असं गृहीत धरून. तो गुणक 2021 च्या सूत्रातून काढून टाकला. म्हणजे जगभरचे शहाणे लोक दीडशे-पावणेदोनशे वर्षं या एकाच अडचणीभोवती फिरताहेत: किडनी मोजायला निघालो आणि हातात स्नायू आला.

तिसरा धागा पथ्याचा. प्रथिनं पचल्यावर युरिया तयार होतो, तो किडनीला बाहेर टाकावा लागतो. मग प्रथिनंच कमी केली तर किडनीला विसावा मिळेल. अमेरिकेत टॉमस ॲडिस यांनी हा विचार मांडला. 1940 च्या सुमारास वॉल्टर केम्पनर यांनी भात, फळं आणि साखर एवढ्यावर रुग्ण ठेवले. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला इटलीत जोर्दानो, आणि मग जोव्हानेत्ती व माज्जोरे यांनी दिवसाला सुमारे 20 ग्रॅम प्रथिनांचा आहार दिला. मळमळ थांबली, उलट्या थांबल्या, शुद्ध राहिली. त्या काळात दुसरा इलाज नव्हता, हे लक्षात ठेवा. मरणाच्या दारातल्या माणसाला काही महिने मिळत होते. त्या डॉक्टरांना आज नावं ठेवण्यात अर्थ नाही. ते जाणते लोक होते, आणि ‘थोडं पण चांगलं प्रथिन’ म्हणून अंडं देत होते. आम्ही दादांचं अंडंसुद्धा काढून घेतलं होतं.

मग यंत्र आलं. हॉलंडमध्ये कांपेन गावी, नाझी ताब्याच्या काळात, 1943 मध्ये विलेम कोल्फ यांनी सॉसेजच्या सेलोफेन नळ्या लाकडी पिंपाभोवती गुंडाळून रक्त गाळायचं यंत्र केलं. पहिली रुग्ण वाचायला 1945 उजाडलं. 1960 मध्ये सिएटलच्या बेल्डिंग स्क्रिबनर यांनी हातात कायमची नळी बसवली आणि पुन्हा पुन्हा डायलिसिस शक्य झालं. आपल्याकडे हा शब्द अनेकांनी पहिल्यांदा ऐकला तो जयप्रकाश नारायण यांच्यामुळे. आणीबाणीत स्थानबद्ध असताना त्यांच्या किडन्या गेल्या. नोव्हेंबर 1975 मध्ये सुटका झाल्यावर मुंबईच्या जसलोक रुग्णालयात डायलिसिस सुरू झालं, आणि ऑक्टोबर 1979 पर्यंत ते त्यावर जगले. हीच उजनी बांधण्याचीही वर्षं. 1969 ला काम सुरू झालं, 1980 ला पूर्ण झालं. आमच्या गावातली माणसं घराची आढी-तुळई बैलगाडीत घालून वर चालली होती, तेव्हाच्या वर्तमानपत्रांत जेपींच्या डायलिसिसच्या बातम्या असत.

यंत्रानं युरियाचा प्रश्न सोडवला आणि झीज उघडी पडली. रुग्ण आता वर्षानुवर्षं जगत होते, पण वाळत होते. 1990 मध्ये अमेरिकेत लॉवरी आणि ल्यू यांनी डायलिसिसवरच्या 12 हजारांहून अधिक रुग्णांची नोंद तपासली. ज्यांच्या रक्तात अल्ब्युमिन कमी, ते जास्त मरत होते. इथवर ठीक. पण ज्यांचं क्रिएटिनिन कमी, तेही जास्त मरत होते! ज्या आकड्याच्या उतरण्यावर घरोघर आनंद होतो, तोच आकडा डायलिसिसवरच्या माणसाच्या बाबतीत धोक्याचा निघाला. कारण तेच. सरपण संपलेलं.

मग झीज होते कशी, याचा शोध. एक कारण साधं, भूक मरते. दुसरं, डायलिसिसच्या एकेका फेरीत सहा ते बारा ग्रॅम अमिनो आम्लं धुतली जातात. तिसरं, बसून राहणं. शरीराला दाह असतो, इन्सुलिनचं काम नीट चालत नाही. आणि एक कारण आधी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं: रक्तातलं आम्ल. किडनी बिघडली की आम्ल साठतं. विल्यम मिच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 आणि 90 च्या दशकांत दाखवलं की या आम्लामुळे स्नायूंतली प्रथिनं मोडणारी यंत्रणा जोरात चालू होते. पेशी नको असलेल्या प्रथिनावर युबिक्विटिन नावाची चिठ्ठी चिकटवते आणि ते मोडीत काढते. या चिठ्ठीच्या शोधाबद्दल सिचॅनोव्हर, हर्श्को आणि रोझ यांना 2004 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. आम्ल वाढलं की चांगल्या प्रथिनांवरही या चिठ्ठ्या पडतात. 2009 मध्ये इंग्लंडमधल्या एका अभ्यासात 134 रुग्णांपैकी निम्म्यांना सोडियम बायकार्बोनेटच्या गोळ्या दिल्या, म्हणजे आपला खायचा सोडाच. त्यांची किडनी हळू बिघडली आणि पोषणही सुधारलं. म्हणून घरचा सोडा चमच्यानं घेऊ नका. त्यात सोडियम असतं, सूज आणि रक्तदाब वाढू शकतो. गोळी, तिचं माप, सगळं डॉक्टरांनी ठरवायचं.

नावंही उशिरा आली. वयानं होणाऱ्या स्नायूंच्या झिजेला अर्विन रोझेनबर्ग यांनी 1980 च्या दशकाच्या अखेरीस ‘सार्कोपेनिया’ म्हटलं. ग्रीक भाषेत सार्क्स म्हणजे मांस, पेनिया म्हणजे दारिद्र्य, उणीव. म्हणजे चरकाचा मांसक्षयच. किडनीच्या रुग्णातल्या प्रथिन आणि ऊर्जेच्या झिजेला 2008 मध्ये स्वतंत्र संज्ञा मिळाली. नाव मिळेपर्यंत गोष्ट दिसत नाही, हे आम्ही तत्त्वज्ञानात शिकवायचो. नाव मिळेपर्यंत तिच्यावर इलाजही होत नाही, हे इथे शिकलो.

उजनीकाठी याचं महत्त्व का? बाहेरच्या माणसाला वाटतं, काठावर ऊस, केळी, मासे, इथे कुणाला काय कमी. पण किडनीच्या जुनाट आजाराची दोन मोठी कारणं मधुमेह आणि रक्तदाब, आणि पाणी आल्यावर आपल्या गावांत पैसा आला तसं अंग हलणंही कमी झालं. मोटेमागे, नांगरामागे चालणारी पिढी गेली, आता बांधावर मोटारसायकल जाते. पुण्या-पिंपरीचं सांडपाणी भीमेतून इथे येतं, त्याचा प्रश्न आहेच, पण तो वेगळ्या व्याख्यानाचा. आजचा मुद्दा एवढाच, की आजार झाल्यावर घर काय करतं. घर माणसाला खाटेवर बसवतं आणि ताटातून एकेक वाटी काढून घेतं. 2016 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला, यंत्रं तालुक्याकडे सरकली. चांगलं झालं. पण आठवड्यातून दोन-तीनदा एसटीनं किंवा जीपनं जाऊन-येऊन दिवस मोडणारा माणूस, उपाशीपोटी, दमलेला, घरी येऊन झोपतो. साठा मायनसमध्ये आणि उपसा चालूच.

मग आजचं शास्त्र काय सांगतं? 2024 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना म्हणतात, डायलिसिस सुरू नसलेल्या, किडनी बरीच बिघडलेल्या प्रौढाला किलोमागे दिवसाला 0.8 ग्रॅम प्रथिन. साठ किलोच्या माणसाला सुमारे 48 ग्रॅम. 1.3 ग्रॅमच्या वर जाऊ नये. मात्र माणूस वयस्क, अशक्त, स्नायू झिजलेला असेल, तर जास्त प्रथिन आणि जास्त उष्मांक देण्याचा विचार करावा. डायलिसिस सुरू झालं की हिशेब बदलतो: किलोमागे 1 ते 1.2 ग्रॅम, म्हणजे त्याच माणसाला 60 ते 72. अनेक घरांत डायलिसिस सुरू झाल्यावरही जुनंच पथ्य चालू असतं. एका अंड्यात सहाएक ग्रॅम प्रथिन, तीस ग्रॅम कोरड्या डाळीत सातेक. भात-दुधीवर 48 होत नाहीत, करून बघा. केळ्याचं मात्र वेगळं. कंदरच्या केळ्यात पोटॅशियम भरपूर, ज्याच्या रक्तात ते वाढलंय त्यानं केळं टाळावंच. पथ्य मोडा असं आम्ही सांगत नाही. पथ्य आपल्या मनानं लांबवू नका, एवढंच सांगतो.

आणि अंग हलवा. 2001 मध्ये अमेरिकेत कास्तानेडा आणि सहकाऱ्यांनी किडनीचा आजार असलेले, कमी प्रथिनांवरचे 26 रुग्ण घेतले. निम्म्यांनी आठवड्यातून तीनदा, बारा आठवडे, वजनं उचलण्याचा व्यायाम केला. तेवढ्याच आहारावर त्यांचे स्नायू टिकले, ताकद वाढली. विसावा घेतलेल्यांचं तसं झालं नाही. लीबिगचा रानकोल्हा आठवतो ना?

घरी बघायच्या खुणाही सोप्या आहेत. आशियाई तज्ज्ञांनी 2019 मध्ये ठरवलेली मापं अशी: हात न टेकता खुर्चीतून पाच वेळा उठा-बसायला 12 सेकंद किंवा त्याहून जास्त लागले, किंवा पोटरीचा घेर पुरुषाचा 34 आणि बाईचा 33 सेंटिमीटरच्या खाली असला, तर शंका घ्यावी. सूज असली तर पोटरी फसवते, हे विसरू नका. आणि क्रिएटिनिन उतरलं पण माणूसही उतरला, तर डॉक्टरांना सिस्टॅटिन सी या चाचणीबद्दल विचारा. ती स्नायूंवर फारशी अवलंबून नसते.

दादांचं पुढे काय झालं? एका तरुण डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवून त्यांना खुर्चीतून उठायला सांगितलं. उठता आलं नाही. मग सगळं बदललं. डाळ परत आली, अंडं आलं, कधीमधी मासाही. पुढे डायलिसिस लागलं. रोज सकाळी खुर्चीवरून दहा वेळा उठ-बस, वहिनी मोजायच्या. गेलेलं सगळं परत आलं नाही. पण शेवटच्या दोन वर्षांत ते काठी घेऊन काठापर्यंत स्वतः जात. पाणी ओसरलेलं असलं की जिथे जुनं घर होतं तिथे काठीनं दाखवत, ‘तिथं चूल होती.’ ती चार पावलं आम्ही जवळजवळ हिरावून घेतली होती, प्रेमानं, आणि रिपोर्ट हातात धरून.

म्हणून एवढंच मागणं. आज घरी जाल तेव्हा आजारी माणसाच्या फाईलआधी त्याच्या मांडीकडे बघा, आणि त्याला म्हणा, ‘जरा उठून दाखवता का?’

आम्ही इथे थांबतो.